याकोबानं फसवलं तरी त्याला आशीर्वाद मिळाला, मग मी कशाला जीव जाळू?

सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत मांडतो म्हणजे काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वडील शेवटच्या आजारात होते, मोठा भाऊ लांब होता, तुम्ही वडिलांना अर्धवट माहिती देऊन कागदावर सही घेतली आणि सगळं तुमच्या नावावर झालं. वडील गेले. भाऊ ९ वर्षं झाली बोलत नाही. मधल्या काळात तुम्ही प्रभूवर विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, आणि आता बायबल स्टडीत कुणीतरी म्हणालं की अहो याकोबानं पण आंधळ्या बापाला फसवलं, थोरल्या भावाचा, एसावाचा आशीर्वाद लाटला, तरी देवानं त्यालाच इस्राएल केलं ना, मग तुम्ही कशाला जीव जाळताय, क्रुसावर सगळं फिटलंय. आणि तुम्ही विचारताय की देवानं खरंच फसवणुकीला बक्षीस दिलं का.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न हा नाहीये. त्या माणसाच्या उत्तरानं समाधान झालं असतं तर तुम्ही एवढं लांबलचक लिहिलंच नसतं. तुम्हाला विचारायचंय ते असं की, देवानं मला क्षमा केली असेल तरी भावाच्या दारात मला जावं लागेल का? याचं उत्तर मी देणारच आहे, पण ते याकोबाच्या गोष्टीतूनच देतो कारण तीच गोष्ट तुमच्यापुढे अर्धवट ठेवली गेलीय.

आधी माझी एक चूक सांगतो. बायबल शिकवायला लागून मला आता २५ वर्षं होत आली, त्यातली बरीचशी पाळक म्हणून. सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ आले होते, धंद्यात भागीदाराला फसवलेलं, आणि मी त्यांना अगदी हेच उत्तर दिलं होतं, झालं गेलं विसरा, प्रभूनं क्षमा केलीय, पुढे बघा. ते खुश होऊन गेले. दोनेक वर्षांनी परत आले तेव्हा कळलं की त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणंच सोडलंय, ताट समोर आलं की हात पुढे होत नाही म्हणाले. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. मी त्यांना याकोब शिकवला होता तो उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायापुरता, आणि गोष्ट तर ४९ पर्यंत चालते. तेव्हापासून मी कुणालाही याकोब तुकड्यांत शिकवत नाही, २५ पासून ४९ पर्यंत सलग वाचायला लावतो, वेळ लागला तरी चालेल.

तर, बक्षीस मिळालं का? आपल्याला संडे स्कूलच्या चित्रांमुळे याकोब म्हणजे विशीतला पोरगा वाटतो, आईचं ऐकून चूक केली बिचाऱ्यानं वगैरे. पण मजकुरातलेच आकडे जोडून बघा. मिसरात फारोसमोर, म्हणजे तिथल्या राजासमोर उभा राहिला तेव्हा याकोब १३० वर्षांचा होता. त्याचा मुलगा योसेफ ३० व्या वर्षी फारोच्या सेवेत उभा राहिला, त्यानंतर सुकाळाची ७ आणि दुष्काळाची २ वर्षं गेली होती, म्हणजे योसेफ ३९ च्या आसपास. म्हणजे योसेफ झाला तेव्हा याकोब ९१ चा. आणि योसेफ झाला तो, याकोब घरातून पळून मामाकडे, लाबानाकडे राबला ती १४ वर्षं संपत आली तेव्हा. वजाबाकी केली की बापाला फसवून घर सोडलं तेव्हा याकोबाचं वय ७७ च्या आसपास येतं. त्या काळची आयुष्यं लांब होती हे मान्य, तो गेला १४७ चा होऊन, पण तरी निम्मं आयुष्य उलटून गेलं होतं. कळत होतं त्याला. एकच शंका त्यानं आईला विचारली ती म्हणजे बाबांनी हात लावून बघितलं तर मी पकडला जाईन. हे चूक आहे असं तो एकदाही म्हणत नाही!

याच हिशोबात अजून एक गोष्ट निघते जी मला दर वेळी अस्वस्थ करते. बाप इसहाक ६० वर्षांचा असताना एसाव आणि याकोब ही जुळी झाली होती, म्हणजे त्या दिवशी इसहाक १३७ चा. मरण कधी येईल सांगता येत नाही म्हणून त्यानं एसावाला शिकारीला पाठवलं होतं. आणि तो मेला कधी, तर १८० चा होऊन. म्हणजे पुढे आणखी ४३ वर्षं जगला. सगळ्यांनी जी घाई केली, बापानं गुपचूप आशीर्वाद द्यायची, आईनं त्याच्याआधी डाव साधायची, मुलानं केसाळ एसावासारखं वाटावं म्हणून बोकडाची कातडी हाताला गुंडाळायची, त्या घाईची काही गरजच नव्हती.

आणि आता मुख्य पॉइंट, तुमच्या बायबल स्टडीतल्या माणसाकडून सुटला तो हा. पोरं पोटात असतानाच देवानं त्यांच्या आईला, रिबकेला सांगितलं होतं की मोठा धाकट्याची सेवा करील (२५:२३). म्हणजे जे मिळणार होतं ते शब्द देऊन झालेलं होतं. शिवाय २७ व्या अध्यायात कपडे बदलून, खोटं बोलून याकोबानं जो आशीर्वाद मिळवला त्यात काय आहे ते बघा, आकाशाचं दव, जमिनीची सुपीकता, धान्य, द्राक्षारस, भावांवर सत्ता. अब्राहामाला दिलेलं वचन, म्हणजे कनान देश आणि ती मोठी संतती, त्याचं नाव त्यात येत नाही. ते येतं २८ व्या अध्यायाच्या सुरुवातीला, इसहाक स्वतः याकोबाला बोलावून देतो, समोर कोण उभाय हे पूर्ण माहीत असताना, उघड्यावर, कुठलीही कातडी न गुंडाळता. म्हणजे जी गोष्ट खरोखर मोलाची होती ती खोटं बोलून मिळालीच नाही, ती दिली गेली. लबाडीनं त्याच्या पदरात काय पडलं तर भावाचा जीवघेणा राग आणि घर सोडून पळणं. पळून कुठे गेला तर लाबानाच्या घरी. हे बक्षीस असेल तर शत्रूलाही मिळू नये.

"थोडे दिवस" जाऊन राहा, असं रिबका त्याला म्हणाली होती. त्याची २० वर्षं झाली. आणि मायलेकरांची परत भेट झाल्याचं बायबलमध्ये कुठेच नाही. "शाप लागला तर मला लागू दे बाळा" असं ती म्हणाली होती. शापाबद्दल मी काही बोलत नाही, पण लाडका मुलगा तिला परत दिसल्याचं कुठे लिहिलेलं नाही एवढं खरं.

आता लाबानाकडे काय झालं ते तुम्हाला माहीतच असेल म्हणून थोडक्यात. लाबानाची धाकटी मुलगी राहेल, तिच्यासाठी ७ वर्षं राबला, लग्नाच्या दुसऱ्या सकाळी उठून बघतो तर तिची थोरली बहीण लेआ. जाब विचारला तर सासरा म्हणतो, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत. थोरली आणि धाकटी! ज्यानं थोरल्याचा हक्क मसुरीच्या वरणावर विकत घेतला आणि अंधाऱ्या डोळ्यांच्या बापासमोर थोरला बनून उभा राहिला, त्यालाच हे उत्तर ऐकावं लागलं, आणि पुढे तो काही बोललाय असं लिहिलेलं नाही. काय बोलणार. मग आणखी ७ वर्षं, मग कळपासाठी ६, मजुरी १० वेळा बदलली असं तो स्वतःच म्हणतो.

आणि सगळ्यात वाईट पुढे, ३७ व्या अध्यायात. याकोबाच्या मुलांनी आपला भाऊ योसेफ विकला आणि त्याचा झगा बोकडाच्या रक्तात बुडवून बापासमोर टाकला, हा तुमच्या मुलाचा आहे का बघा. याकोबानं बापाला फसवलं होतं ते भावाचे कपडे घालून आणि बोकडाच्या कातडीनं. त्याला त्याच्या मुलांनी फसवलं ते भावाच्या कपड्यानं आणि बोकडाच्या रक्तानं. बापाला काही क्षण फसवलं होतं, स्वतः २० च्या वर वर्षं फसलेला राहिला (योसेफ विकला गेला १७ चा असताना, भेट झाली ३९ च्या सुमारास, करा हिशोब).

इथे मी जरा थांबून एक सांगतो नाहीतर तुम्ही नको तिथे पोचाल. याचा अर्थ असा नाही की तुमच्या घरात काही वाईट झालं की तो देवानं केलेला हिशोब आहे. काही लोक हे करतात, मूल आजारी पडलं की जुनं पाप शोधतात. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याच्या मित्रांनी हेच केलं आणि देव त्यांच्यावरच रागावला. मजकूर कुठेही म्हणत नाही की देवानं झगा रक्तात बुडवायला लावला. मी यातून जे शिकलो ते साधं आहे, घरात खोटं एकदा चाललं की पोरं ते बघून शिकतात. याकोबाच्या घरात लाडकं-नावडतं होतं कारण इसहाकाच्या घरात होतं. क्षमा मिळाली म्हणून घराची सवय आपोआप बदलत नाही.

मग कृपा कुठंय यात? बेथेलमध्ये, लाबानाकडे पळतानाच्या वाटेवर. आणि ही गोष्ट मला अजूनही पचायला जड जाते, एवढी वर्षं शिकवूनही. बापाला फसवून पळालेला माणूस डोक्याखाली धोंडा घेऊन उघड्यावर झोपलाय आणि देव त्याला स्वप्नात भेटतो, शिडी, देवदूत, आणि एक शब्द रागाचा नाही. काय केलंस असंही विचारत नाही. मी तुझ्याबरोबर आहे, जाशील तिथे तुला सांभाळीन, परत या देशात आणीन. बस. म्हणजे तुमच्या बायबल स्टडीतला माणूस अगदीच चूक नाहीये. देव सुधारल्यावर नाही भेटला, पळताना भेटला. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या ९ व्या अध्यायात प्रेषित पौल याच जुळ्यांचं उदाहरण देतो, जन्मायच्या आधी, बरं-वाईट काही करायच्या आधी निवड झाली. याकोब लायक होता म्हणून काही मिळालं असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

पण यावर याकोबाचं उत्तर ऐका. देव बरोबर राहिला, खायला-ल्यायला दिलं, सुखरूप घरी आणलं, तर परमेश्वर माझा देव होईल. तर! व्यवहार चाललाय. याच्या आधी बापाशी खोटं बोलताना, शिकार इतक्या लवकर कशी मिळाली असं बापानं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता "तुमचा देव परमेश्वर यानं मिळवून दिली". देवाचं नाव घेऊन खोटं, आणि देव कुणाचा तर तुमचा, माझा नाही. बेथेलला तो "तुमचा देव" वरून "जमलं तर माझा देव" इथपर्यंत आला. मला वाटतं आपल्यातले बरेच जण बाप्तिस्मा घेतो तेव्हा साधारण इथेच असतो, मी होतो. त्यात लाज वाटायचं कारण नाही, पण तिथेच तंबू ठोकून बसू नये.

आता येऊ तुमच्या विषयावर, म्हणजे भावावर.

३१ व्या अध्यायात देव त्याला म्हणतो, मी बेथेलचा देव आहे, ऊठ, आपल्या जन्मभूमीला परत जा. परत जा म्हणजे कुठे, तर जिथे एसावाशी गाठ पडणारच. देवानं क्षमा करून त्याला हारानातच, लाबानाच्या गावी, सुखात ठेवला असता तर काय बिघडलं असतं, बायका होत्या, ११ मुलगे होते, कळप होते. एसावाचा राग तोवर कदाचित निवलाही असता. पण देवानं ज्या वाटेनं परत बोलावलं त्या वाटेवर एसाव होता. बरं, एसाव राहत होता सेईरात, म्हणजे पार दक्षिणेला, याकोब येत होता उत्तरेकडून, गपचूप कनानात शिरता आलं असतं. त्यानं स्वतःहून माणसं पाठवून कळवलं की मी येतोय. हे मला त्याचं पहिलं धाडसाचं काम वाटतं. उत्तर आलं की एसाव ४०० माणसं घेऊन निघालाय, आणि याची पाचावर धारण बसली.

मग त्यानं जे केलं ते सगळं मिसळलेलं आहे आणि म्हणूनच मला आवडतं. आधी कळपाचे दोन भाग केले, एक कापला गेला तर दुसरा वाचेल. मग प्रार्थना केली, त्याची अशी मोठी प्रार्थना बायबलमध्ये पहिल्यांदा इथेच येते, तुझ्या एवढ्या दयेला मी पात्र नाही, हातात फक्त काठी घेऊन मी ही यार्देन ओलांडली होती आणि आता माझ्या दोन टोळ्या झाल्यात, मला माझ्या भावापासून सोडव. आणि लगेच परत डोकं चालवून भेट तयार केली. २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या उंटिणी पिलांसकट, ४० गाई, १० बैल, २० गाढवी आणि १० गाढवं. पिलं सोडून ५५० जनावरं, अंतर ठेवून टप्प्याटप्प्यानं पाठवली, म्हणजे एसावाचा राग प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा उतरेल. आणि प्रत्येक नोकरानं काय सांगायचं, तर "याकोब आमच्या मागून येतोय".

मागून. हा शब्द लक्षात ठेवा.

त्या रात्री याब्बोक नदीच्या काठी तो एकटा राहिला आणि कुणी एक पुरुष पहाट होईपर्यंत त्याच्याशी झोंबला. तो कोण, देवदूत की स्वतः देव, यावर मी इथे वाद घालत नाही, होशेय संदेष्टा दोन्ही शब्द वापरतो आणि वर हेही सांगतो की याकोब रडला. जांघेचा सांधा उखडला. मी आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला, तर त्याला प्रश्न आला, तुझं नाव काय? मागच्या वेळी आशीर्वाद मागताना बापानं विचारलं होतं तू कोण, तेव्हा उत्तर होतं मी एसाव. या वेळी उत्तर आहे, याकोब. या नावाचा अर्थ टाच धरणारा, आणि एसावानं लावलेल्या अर्थानं लबाड. नवीन नाव, इस्राएल, मिळालं ते हे जुनं नाव तोंडानं बोलून झाल्यावर.

आणि सकाळी? ३३:३ वाचा. नोकर, बायकामुलं मागे आणि "तो स्वतः त्यांच्यापुढे चालला". काल मागून येणारा आज सगळ्यांच्या पुढे, तेही लंगडत, पळायची सोय उरलेली नसताना. मला या सबंध गोष्टीत विश्वासाची खूण कुठली असं विचारलं तर मी बेथेलच्या शिडीपेक्षा हे लंगडत पुढे जाणं दाखवीन.

सात वेळा जमिनीपर्यंत लवला. एसाव धावत आला, मिठी मारली, मुके घेतले, दोघं रडले. भेटीची जनावरं एसाव नको म्हणाला, माझ्याकडे पुष्कळ आहे भाऊ. आणि इथे याकोब जे बोलला त्यासाठी मी हा सगळा खटाटोप केलाय. १० व्या वचनात तो "माझी भेट" म्हणतो. ११ व्या वचनात शब्द बदलतो. मूळ हिब्रूत तिथे आहे बिरखाती, "माझा आशीर्वाद". माझा आशीर्वाद घे. भाषांतरांत बऱ्याचदा इथेही भेट किंवा नजराणा असं येतं म्हणून आपल्याला कळत नाही. आता २७:३६ ला जा, एसाव ओरडून रडतोय, त्यानं माझा आशीर्वाद घेतला. तिथेही तोच शब्द, बिरखाती, आणि क्रियापदही तेच, घेणे. २० वर्षांपूर्वी भाऊ म्हणाला होता माझा आशीर्वाद घेतला, आज हा म्हणतो माझा आशीर्वाद घे. आणि त्यानं आग्रह केला, एसावानं घेतला.

तर तुमच्या बायबल स्टडीत सांगितलं ते "याकोबानं आशीर्वाद लाटला आणि पचवला" हे बायबलला धरून नाही. त्याला पचला नाही. त्यानं परत केला, पशुधनाच्या रूपात का होईना, आणि परत करताना गोष्टीचं नाव लपवलं नाही. एसाव म्हणाला होता माझ्याकडे पुष्कळ आहे, याकोब हिब्रूत म्हणतो माझ्याकडे सगळं आहे. घेताना कधी पुरं पडलं नाही, देताना सगळं होतं.

नवा करारही याच दिशेनं बोलतो. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात नाही, भावाच्या मनात. म्हणजे दुखावणाऱ्यानं उठायचंय. जक्कय नावाच्या जकातदाराला येशूनं काही अट घातली नव्हती, त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला फक्त, आणि तो स्वतःच उभा राहून म्हणाला फसवून घेतलं असेल ते चौपट परत करतो. आधी तारण विकत घेतलं असं नाही, तारण घरात आलं म्हणून हात सुटला. जुन्या करारातल्या लेवीयच्या ६ व्या अध्यायात तर क्रमच दिलाय, फसवून घेतलेलं मूळ मालकाला परत दे, वर पाचवा हिस्सा घाल, आणि दोषार्पणही आण. मालकाला चुकवून थेट याजकाकडे जायची सोय नव्हती.

तर माझं उत्तर, हो, जावं लागेल. क्षमा मिळवायला नव्हे, ती मिळालीय यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही, पण क्षमा झालेल्या माणसाला लपायचं कारण उरत नाही म्हणून.

कसं जायचं हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ते मला इथून दिसत नाही. तुम्ही विवाहित असाल आणि त्या मालमत्तेवर बायकोचं-मुलांचं छप्पर असेल तर आधी बायकोशी बोला, तिला अंधारात ठेवून केलेली भरपाई म्हणजे दुसरी फसवणूक. कागदपत्रांचा मामला आहे, कबुली देताना काय परिणाम होतील ते वकिलाला विचारून घ्या, पण वकिलाला "कसं सुटू" विचारू नका, "कसं परत करू" विचारा, ही दोन वेगळी उत्तरं येतात. सगळं परत करणं शक्य नसेल, काही विकून खर्च झालं असेल, तर जे शक्य आहे त्याचा आकडा काढून जा. आणि भाऊ हिंसक असेल, जीवाला धोका असेल तर समोर जायच्या आधी दोघांचाही विश्वास असलेलं एखादं माणूस मध्ये घ्या, याकोबानंही आधी निरोपेच पाठवले होते, त्यात कमीपणा नाही.

एका बाबतीत मात्र याकोबाचं अनुकरण करू नका. गळाभेट झाल्यावर एसाव म्हणाला चल बरोबर जाऊ, तर हा म्हणाला मुलं लहान आहेत, जनावरं दूध पाजणारी आहेत, तू हो पुढे, मी सावकाश सेईरला येतो. आणि गेला कुठे? सुक्कोथला. घरच बांधलं तिथे. सेईरला गेल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पनीएलला (याब्बोकच्या त्या जागेला त्यानंच दिलेलं नाव) देवाला तोंडोतोंड पाहिलेला माणूस, नवीन नाव, लंगडा पाय, आणि दुसऱ्याच दिवशी भावाला थाप! मला हे वाचून हसूही येतं आणि धीरही येतो. तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतरही तोंडातून पटकन खोटं जातं, मग माझा विश्वास खरा का. नाव बदलतं एका रात्रीत, जीभ बदलायला वर्षं लागतात. पण भावाला "येतो" म्हणालात तर जा.

आणि एसावासारखाच तुमचा भाऊ धावत येईल हे धरून चालू नका. मी बघितलेल्या प्रसंगांत काही धावत आले, काहींनी दार उघडलं नाही, एकानं पैसे घेतले आणि परत कधी फोन करू नकोस म्हणाला. तो त्याचा हक्क आहे. तुम्ही परत करताय ते त्याचं आहे म्हणून, त्याच्या मिठीची किंमत म्हणून नव्हे.

विश्वासाचं म्हणाल तर नव्या करारातल्या इब्री पत्राच्या ११ व्या अध्यायात, विश्वासाच्या माणसांच्या यादीत, याकोबाच्या स्वतःच्या विश्वासाला एकच वचन मिळालंय, २१ वं, आणि त्यात बेथेल नाही, याब्बोक नाही. मरताना योसेफाच्या मुलांना आशीर्वाद दिला आणि काठीच्या टोकावर टेकून भजन केलं, एवढंच. तो आशीर्वादाचा प्रसंग उत्पत्ती ४८ मध्ये आहे. डोळे म्हातारपणानं मंदावलेले, समोर दोन भाऊ, आणि मोठा आशीर्वाद धाकट्याला. अगदी २७ व्या अध्यायाचीच मांडणी, फक्त आता पलंगावर तो स्वतः आहे. योसेफ हात सरकवायला जातो, बाबा हा थोरला आहे, तर म्हणतो, माहीत आहे मला बाळा, माहीत आहे. कुणी कपडे बदललेले नाहीत, कुणी कातडी गुंडाळलेली नाही. देवाला जे करायचं होतं ते असं उघड्यावर, नीट सांगून होऊ शकत होतं, हे कळायला त्याला आयुष्य गेलं. आणि तिथे तो देवाला काय म्हणतो, जन्मापासून आजवर ज्यानं मला मेंढपाळासारखं सांभाळलं तो. "तर माझा देव होईल" वाला माणूस हे बोलतोय.

तुम्ही विचारलंय सुरुवात कशी करू, फोन की मेसेज. ९ वर्षांनी मेसेज नको, तो घाईत वाचला जातो, आणि फोनवर तुम्ही सफाई द्यायला लागाल. हातानं पत्र लिहा, एक पान पुरे. काय केलं ते एका वाक्यात, नाव घेऊन, "गैरसमज झाला" असे शब्द न वापरता. काय परत करायची तयारी आहे ते आकड्यासकट. त्याच्या वाट्याची चूक त्यात एकही नको, ती असली तरी. मला माफ कर एवढंच, "आता तरी बोल" नको. देवाची इच्छा, प्रभूनं सांगितलं, असं काही घालू नका, याकोबानं बापापुढे एकदा देवाचं नाव वापरलं तेवढं बस झालं. आणि पत्रात याकोबाचा उल्लेखही नको, तुमच्या भावाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. लिहून झालं की पाठवायच्या आधी बायकोला वाचायला द्या, ती ज्या ओळीवर थांबेल ती ओळ खोडून परत लिहा.